आर्मांदो कुलासोंना मोजायचं कशानं?

जानेवारी २०२५ मध्ये गोव्याचे फुटबॉल प्रशिक्षक आर्मांदो कुलासोंना द्रोणाचार्य जीवनगौरव मिळाला तेव्हा अभिनंदनाच्या पोस्टींमधून एकच आकडा फिरत होता: पाच राष्ट्रीय जेतेपदं. मग ऑगस्टमध्ये खालिद जमील भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले, 'आपल्या माणसाला हे काम झेपतं का' हा जुनाच वाद परत पेटला, आणि त्याच कुलासोंना लोकांनी नापासांच्या रांगेत बसवलं. का, तर २०११. मला यातला एकही हिशेब पटत नाही.

२०११ चं आधी उरकून टाकू. भारतीय संघाचे प्रशिक्षक बॉब हाउटन गेल्यावर त्या जागी कुलासोंना बोलावणं आलं. विश्वचषक पात्रता फेरीत यूएईविरुद्ध अल ऐनला पहिल्या पंचवीस मिनिटांतच देबब्रत रॉय आणि गोलकीपर सुब्रत पाल दोघांनाही लाल कार्ड, वर दोन पेनल्टी. उरलेला सामना नऊ जणांनी काढला, निकाल ०-३. पाच दिवसांनी दिल्लीत २-२. काही महिन्यांतच पद गेलं आणि सावियो मदेरा आले. एवढ्यावरून कोणी प्रशिक्षकाची लायकी ठरवत असेल तर ठरवो बापडा.

आता ती पाच जेतेपदं. धेंपो स्पोर्ट्स क्लबनं २००४-०५ आणि २००६-०७ ची राष्ट्रीय लीग जिंकली, २००७-०८ ची पहिलीवहिली आय-लीग (राष्ट्रीय लीगचाच नवा अवतार) जिंकली, मग २००९-१० आणि २०११-१२. पाचही वेळा प्रशिक्षक कुलासो. पण आकडा सांगणारे काळ सांगत नाहीत. २००४-०५ पासून २०१२-१३ पर्यंतचे नऊ हंगाम बघा. आठ वेळा विजेता गोव्याचा: धेंपो पाचदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. उरलेला एक हंगाम, २००५-०६, मुंबईच्या महिंद्रा युनायटेडचा, आणि त्यांचा प्रशिक्षक कोण, तर डेरिक परेरा, म्हणजे तिथंही गोंयकारच. कोलकात्याच्या मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या दोन्ही बड्या क्लबांच्या वाट्याला नऊ वर्षांत एकही लीग नाही. तेव्हा गोव्यात पैसा होता, चांगले परदेशी खेळाडू येत होते, आणि मडगावच्या फातोर्डा मैदानावर सामन्याला माणसं येत होती. त्यामुळे कुलासोंनी वाळवंटात मळा फुलवला वगैरे कोणी लिहू नये. जमीन सुपीकच होती.

मग कुलासोंचं काय? सारखीच जमीन साळगावकरलाही होती. त्यांचे मालक खाणवाले, धेंपोचेही खाणवाले. पण साळगावकरचा त्या काळातला एकमेव लीग विजय, २०१०-११ चा, मोरोक्कोच्या करीम बेंचरिफांच्या हाताखाली आला. चर्चिलच्या दोन जेतेपदांच्या वेळी सूत्रं वेगवेगळ्या हातांत होती. तीन सामने हरले की प्रशिक्षक बदलणं ही आपल्या फुटबॉलची जुनी खोड. धेंपोनं ती सोडली आणि एका माणसाला बारा महिने, चोवीस महिने नाही, वर्षानुवर्षं खुर्चीवर ठेवलं. याचं निम्मं श्रेय क्लबचे मालक श्रीनिवास धेंपोंना जातं. उरलेलं निम्मं कुलासोंचं, कारण मिळालेला वेळ त्यांनी संघ बांधण्यात घातला.

तो संघ ज्यांनी पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. मागे समीर नाईक, महेश गवळी. मध्ये क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा, अँथनी परेरा. ब्राझीलच्या बेटोनं पास काढायचा आणि नायजेरियाच्या रँटी मार्टिन्सनं तो जाळ्यात घालायचा. २०११-१२ च्या लीगमध्ये एकट्या रँटीचे ३२ गोल आहेत. पण माझी नजर नेहमी मधल्या फळीवर असायची. उंच मारून पुढे पळा हा तेव्हाचा सर्रास प्रकार, आणि हे लोक चेंडू जमिनीवर ठेवून खेळायचे. २००८ मध्ये हाच संघ एएफसी कप या आशियाई क्लब स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला. तिथपर्यंत त्याआधी एकही भारतीय क्लब पोचला नव्हता.

या सगळ्याच्या सुरुवातीला एक मृत्यू आहे, आणि आकडेवाले तो हमखास वगळतात. ५ डिसेंबर २००४, बंगळुरू, फेडरेशन कपची अंतिम लढत, समोर मोहन बागान. धेंपो २-० ने जिंकले, दोन्ही गोल ब्राझीलच्या क्रिस्तियानो ज्युनियरचे. दुसरा गोल मारताना गोलकीपरशी टक्कर झाली, तो मैदानावरच कोसळला आणि गेला. चषक हातात आणि सहकारी गमावलेला, अशा अवस्थेतला संघ घेऊन कुलासोंनी त्याच हंगामात लीग काढली. प्रशिक्षक म्हणून त्यांची सगळ्यात मोठी कामगिरी मी हीच मानतो, पाचव्या जेतेपदापेक्षाही.

आता चाहत्यांना न आवडणारं. २००७ चा धेंपो आणि २०११ चा धेंपो शेजारी ठेवा, कण्याच्या जागी तीच नावं दिसतील. जिंकणारा संघ मोडवत नाही हे खरं, पण गवळी-नाईक-क्लायमॅक्स तिशी ओलांडत असताना त्यांच्या जागेवर दावा सांगणारी दुसरी फळी उभी करायला हवी होती. एवढा वेळ आणि एवढा भरवसा लाभलेल्या प्रशिक्षकाकडून ही अपेक्षा जास्त नाही. २०१२ मध्ये रँटी गेला. २०१३ च्या अखेरीस कुलासो ईस्ट बंगालमध्ये रुजू झाले आणि त्याच हंगामात त्यांना दुसऱ्या क्रमांकावर नेलं. इकडे धेंपो २०१५ मध्ये आय-लीगमधून खाली घसरले. २०१६ मध्ये द्वितीय श्रेणी जिंकून वर आले, आणि लगेच साळगावकर व स्पोर्टिंग या गोव्याच्याच क्लबांसोबत लीगमधूनच बाहेर पडले. बाहेर पडण्यामागे भारतीय फुटबॉल महासंघाचा, आयएसएल (इंडियन सुपर लीग) या नव्या लीगला झुकतं माप देणारा आराखडा होता, त्याचा कुलासोंशी संबंध नाही. २०१२ पासून गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, त्याचाही नाही. पण २०१५ ची घसरण पूर्णपणे त्यांच्या नंतरच्या लोकांच्या माथी मारायला मी तयार नाही.

आणि तरीही मी त्यांच्याच बाजूनं का, तर डगआउटकडे, म्हणजे मैदानाकडेच्या प्रशिक्षकांच्या बाकाकडे बघा. क्लिफर्डनं २०२० मध्ये एफसी गोवाची सूत्रं मधूनच हाती घेतली आणि संघाला साखळीत पहिला क्रमांक मिळवून दिला, २०२३ मध्ये ओडिशाला सुपर कप जिंकून दिला. महेश गवळी मुख्य प्रशिक्षक स्टिमाचच्या काळात भारताचा सहायक प्रशिक्षक होता. समीर नाईक धेंपोचाच प्रशिक्षक झाला, आणि २०२४-२५ मध्ये क्लब आय-लीगमध्ये परतला तेव्हा बाकावर तोच होता. एका ड्रेसिंग रूममधून इतके प्रशिक्षक निघाल्याचं दुसरं उदाहरण आपल्या क्लब फुटबॉलमध्ये मला तरी आठवत नाही. योगायोग म्हणायचा असेल तर म्हणा. मला वाटतं, वर्षानुवर्षं एकाच माणसाला संघ चालवताना बघितलं की काम कसं करायचं ते अंगात मुरतं.

सय्यद अब्दुल रहीम यांच्याशी तुलना नको. १९५१ आणि १९६२ ची एशियाड सुवर्णं देणारा माणूस वेगळ्याच पंगतीतला. पण क्लब प्रशिक्षकांत कुलासोंच्या वर कोण, हे कॉमेंटमध्ये लिहा. फक्त लिहिताना त्या प्रशिक्षकाच्या हाताखालून पुढे कोण प्रशिक्षक झाले, तीही नावं द्या.