ओळंब्यात नाही

माझे सासरे, नाना, बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, तरी लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्यावर ते आधी स्लॅबला ओल कुठे आहे ते बघतात आणि मग नवरानवरीकडे. आमच्याच लग्नात अक्षता पडत असताना ते मान वर करून उभे होते. फोटो बघणाऱ्यांना वाटतं, देवाचे आभार मानतायत. बीमला तडा होता.

२०१८ साली मला लीड्सला नोकरी लागली. निघताना सासूबाईंनी हातावर दही ठेवलं आणि नानांनी काम. “जावईबापू, इंग्रजांनी बांधलेल्या कचेऱ्यांची गळती काढण्यात माझी सगळी नोकरी गेली. आता तिकडे त्यांनी स्वतःसाठी काय बांधलंय ते बघायचंय. दर रविवारी एका इमारतीचा फोटो पाठवा. चांगला.” त्या शेवटच्या शब्दाकडे माझं तेव्हा नीट लक्ष गेलं नाही.

पहिला मान लीड्सच्या टाउन हॉलचा. १८५८ साली राणी व्हिक्टोरियाने स्वतः येऊन उद्घाटन केलेली वास्तू. दर्शनी बाजूला दांडगे खांब, दारात दगडी सिंह, वर घड्याळाचा मनोरा. समोरच्या फुटपाथवर उभं राहून फोन वर केला, फोटो काढला, पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं.

“ओळंब्यात नाही.”

मला वाटलं, इमारतीबद्दल बोलतायत. पण तक्रार फोटोबद्दल होती. फोन वर करून फोटो काढला की इमारतीच्या उभ्या रेघा वर जाता जाता एकमेकींकडे झुकतात आणि अख्खा टाउन हॉल जेवण झाल्यावर आरामखुर्चीत रेललेल्या माणसासारखा मागे पडतो. लोक वर्षानुवर्षं असेच फोटो काढतात आणि सुखाने जगतात. त्यांचे सासरे गवंड्याच्या पिशवीतला ओळंबा, म्हणजे भिंत सरळ उभी आहे का ते बघायचं दोऱ्याला टांगलेलं वजन, खिशात घालून हिंडलेले नसतात.

यावर एक सोपा उपाय सापडला. ॲपमधली पट्टी सरकवायची, रेघा उभ्या होतात. झाल्या. पण त्या नादात वरचा मनोरा ताणला जाऊन फुगला. नाना : “आता डोकं जड झालंय. पाया एवढा लोड घेणार नाही.”

दुसरा उपाय म्हणजे लांब जाऊन फोन सरळ धरायचा. यॉर्कला गेल्यावर कळलं की लांब जायला आधी जागा लागते. यॉर्क मिन्स्टर हे तिथलं प्रचंड कॅथेड्रल. १२२० ते १४७२ अशी अडीचशे वर्षं बांधकाम चाललं आणि तेवढ्या काळात ‘समोर थोडं अंगण सोडू या’ असं कुणाच्या मनात आलेलं दिसत नाही. भोवती सगळे बोळ. मागे सरकत सरकत माझी पाठ चहाच्या एका दुकानाच्या दाराला लागली. आणखी सरकलो असतो तर आत खुर्चीवर बसलो असतो. शेवटी बॅग उशाला घेतली आणि फरशीवर उताणा झोपलो. कोन बरा मिळत होता. तेवढ्यात एका आजीबाईंचा चेहरा वरून फ्रेममध्ये आला.

“ऑल राइट, लव्ह?”

यॉर्कशायरमध्ये बसच्या ड्रायव्हरपासून भाजीवालीपर्यंत सगळे सगळ्यांना ‘लव्ह’ म्हणतात. त्याची सवय झाली होती, पण आडवं पडून ऐकायची नव्हती. मी सांगितलं, मिन्स्टरचा फोटो काढतोय. त्यांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, “त्या कोपऱ्यावर पोस्टकार्डं मिळतात, लव्ह.”

पोस्टकार्डाचं नाव काढू नये. या देशातलं निळं आकाश पोस्टकार्डवाल्यांनी घाऊक विकत घेतलंय. उरलेल्यांना मिळतं ते तांदळाच्या धुवणाच्या रंगाचं. डिसेंबरात लीड्सला पावणेचारला सूर्य मावळतो, म्हणजे ऑफिसात दुपारचा चहा घेऊन खुर्चीत बसेपर्यंत दिवस संपलेला असतो. शनिवार-रविवार मिळून उजेडाचे तास पंधरा. त्यातून पाऊस वजा करा, वाणसामान वजा करा, माझ्यावर चिडलेली बायको वजा करा. वर जुनी चर्चं बांधलेली पूर्व-पश्चिम. त्यांच्या उत्तरेकडच्या भिंतीवर हिवाळाभर ऊन येत नाही आणि उभं राहायला मोकळी जागा मिळते ती हटकून उत्तरेलाच. एवढं सगळं जमून ऊन पडलंच, तर पांढरी व्हॅन येते. ती बरोबर मधल्या कमानीसमोर थांबते, ड्रायव्हर चारी दिवे लुकलुकत ठेवून उतरतो आणि ढग येईपर्यंत परत येत नाही.

एकदा एका काचेच्या उंच इमारतीसमोर सुरक्षारक्षकाने हटकलं. इथे फोटो काढायचा नाही म्हणाला. मी होतो सार्वजनिक रस्त्यावर. इमारतीचा फोटो काढल्याने कॉपीराइटचा भंग होत नाही, असं १९८८ च्या इथल्या कायद्याच्या कलम ६२ मध्ये लिहिलंय. मला ते कलम पाठ होतं. मी त्याला “सॉरी” म्हटलं आणि घरी आलो.

या सगळ्यात नानांची पहिली शाबासकी मिळाली ती मात्र लंडनला, २०१९ मध्ये. आपण ज्याला बिग बेन म्हणतो ती खरी आतली घंटा, मनोऱ्याचं नाव एलिझाबेथ टॉवर. हा ९६ मीटर उंच मनोरा २०१७ पासून पुढे पाच वर्षं डागडुजीसाठी झाकलेला होता, हे मला समोर उभं राहिल्यावर कळलं. खालपासून वरपर्यंत परांची आणि तीतून घड्याळाचं एक तोंड बाहेर डोकावतंय. पुन्हा एवढ्या लांब कोण येतंय म्हणून फोटो काढला आणि माफी मागत पाठवला.

“आत्तापर्यंतचा सर्वोत्तम,” नाना. “परांची काय सुरेख बांधलीय! क्लॅम्प जवळून घ्या.”

जगभरातून माणसं तो मनोरा बघायला आली होती आणि तो दिसत नाही म्हणून हळहळत होती. मी एकटा क्लॅम्पचे फोटो काढत होतो. एकूण चौदा पाठवले.

त्याच दिवशी सेंट पँक्रस स्टेशनही उरकलं. पुढचं लाल विटांचं हॉटेल जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचं, १८७३ साली उघडलेलं. नाना म्हणाले, “हे तर आपलं व्ही.टी.!” अगदीच चूक नाही, व्ही.टी. बांधणाऱ्या स्टीव्हन्ससमोर हा नमुना होताच. मी माहिती पुरवली की मुंबईचा राजाबाई टॉवरही याच स्कॉटचा, पण तो भारतात कधी आलाच नाही, नकाशे तिकडूनच धाडले. बराच वेळ शांतता. मग मेसेज आला. “साइट व्हिजिट न करता? आणि आम्हाला जीपचं डिझेल जास्त जाळलं म्हणून मेमो.”

बाथचं प्रकरण मात्र चिघळलं. तिथलं रॉयल क्रेसेंट म्हणजे १७६७ ते १७७५ या काळात चंद्रकोरीसारखी वळवत बांधलेली तीस घरांची सलग रांग. ती एका फोटोत मावत नाही, म्हणून मी मध्ये उभं राहून फोन फिरवत पॅनोरमा काढला. आता गंमत अशी की वळणाच्या पोटात उभं राहून पॅनोरमा काढला तर फोन ते वळण सरळ करून टाकतो. स्थापत्यकलेतली ती डौलदार कोर नानांपर्यंत सरळसोट होऊन पोचली.

“तीस बिऱ्हाडांची चाळ आहे. बरी आहे. पुढे भिंत कसली?”

क्रेसेंटसमोर हिरवळ आहे आणि हिरवळीच्या कडेला खाली उतरणारी भिंत नि चर. चरणारी गुरं वर येऊ नयेत, पण घरातून बघणाऱ्याला मध्ये कुंपण दिसू नये, यासाठीची ती जुनी युक्ती. तिला इंग्रजीत जे म्हणतात तेच मी इमानदारीत टाइप केलं.

“हा-हा.”

दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. दहा मिनिटांनी बायकोचा फोन वाजला. “नाना विचारतायत, त्यांनी हसण्यासारखं काय विचारलं?” तिने तासभर समजूत घातली. पुढचे दोन रविवार मला सुट्टी मिळाली, पण ती सुट्टी अंगावर येणारी होती.

तडजोड ग्लासगोने घडवली. तिथे आधुनिक कलेच्या संग्रहालयासमोर ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा अश्वारूढ पुतळा आहे, १८४४ चा. त्याच्या डोक्यावर रस्त्याच्या कामाला लावतात तसला नारिंगी शंकू. रात्री कुणीतरी चढून घालतं, पालिका काढते, पुन्हा कुणीतरी घालतं. वर्षानुवर्षं हे चाललंय. २०१३ मध्ये पालिकेने चौथरा उंच करायचं ठरवलं, तर शंकूच्या बाजूने गावाने एवढा गिल्ला केला की बेत गुंडाळावा लागला. मी फोटो काढत होतो तेव्हा पाऊस होता, आकाश धुवणाचं होतं, रेघाही झुकलेल्या होत्या. शंकू मात्र झकास आला.

नानांनी आधी विचारलं, “वर काम चालू आहे का?” मग तासाभराने स्वतःच फोन केला. आवाज बदललेला. “जावईबापू, हा वेलिंग्टन म्हणजे वेलस्लीच ना? १८०३ चा? आधी नगरचा किल्ला घेतला आणि पुढच्याच महिन्यात असईला आपल्या फौजा मोडल्या, तो?” मी म्हटलं, तोच. नाना काही वर्षं नगरला पोस्टिंगवर होते, त्यामुळे हे दुखणं घरगुती होतं.

“टोपी कोण घालतं म्हणालात?”

“तिथली पोरं. बहुधा रात्री प्यायल्यावर.”

“त्यांना माझा आशीर्वाद सांगा.”

आणि मग चेस्टरफील्ड. डर्बीशायरमधलं हे गाव तिथल्या चर्चच्या वाकड्या कळसासाठी प्रसिद्ध आहे. २२८ फूट उंच, पिळलेल्या जिलबीसारखा ४५ अंश मुरडलेला आणि मध्यापासून साडेनऊ फूट कललेला. तो असा का झाला याची एक दंतकथा सांगतात. तिच्यात एक नवरी आहे आणि ती सासऱ्यांना सांगण्याजोगी नाही. त्या दिवशी नशिबाने सगळं दिलं. ऊन होतं, आकाश पोस्टकार्डाचं होतं, व्हॅन नव्हती, परांची नव्हती, मागे सरकायला जागा होती. तीन वर्षांत पहिल्यांदा मी फोन अगदी सरळ धरून उभा होतो, आणि समोर नेमकी अशी वास्तू होती जिचा फोटो सरळ येणं शक्य नाही.

ॲपच्या आपोआप दुरुस्तीवर बोट ठेवून पाहिलं. तिने कळस थोडा उभा केला आणि खालची सगळी बाजारपेठ कलंडून दिली. ते रद्द केलं, मूळ फोटो पाठवला आणि ‘ओळंब्यात नाही’ची वाट बघत स्टेशनवर बसलो. मेसेज आलाच नाही. फोन आला.

“यात तुमचा दोष नाही,” नाना म्हणाले. “लाकूड ओलं वापरलंय. न मुरलेलं. आणि वर पत्रा कसला आहे? शिसं? मग काय होणार! आत आडवे-तिरपे टेकूही दिलेले नसणार.”

मी ट्रेनमध्ये शोधून वाचलं. ओलं ओक, तेहतीस टन शिसं, तिरप्या आधारांचा अभाव. एवढ्या मोठ्या लाकूडकामाला हाताशी जाणते सुतार नसावेत, कारण प्लेगच्या साथीत कितीतरी मेले. शब्द न् शब्द तोच, फक्त नानांनी तो सांगलीत आरामखुर्चीत बसून, साइट व्हिजिट न करता सांगितला होता.

तो फोटो आता सांगलीच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलाय. नानांनी स्वतः ओळंबा लावून टांगलाय. सासूबाई रोज सकाळी केर काढताना थांबतात, फ्रेमचा उजवा कोपरा चार बोटं खाली ओढतात, मागे होऊन बघतात आणि कळस सरळ दिसला की पुढच्या खोलीत जातात. मग नाना अंघोळ करून बाहेर येतात आणि खिळ्याला पुन्हा दोरा बांधतात.