कोणती पलटण?

आमच्या सोसायटीत सव्वीस जानेवारीला झेंडा हमखास अडकायचा. पाहुण्यांनी दोरी ओढायची, वरची गाठ हलायची नाही, पाहुणे कसनुसं हसून पुन्हा ओढणार, मग कोणीतरी शिडी आणायला पळणार. सलग तीन वर्षं हाच कार्यक्रम. चौथ्या वर्षी मात्र एका हिसक्यात गाठ सुटली, झेंडूच्या पाकळ्या पाहुण्यांच्या डोक्यावर पडल्या आणि राष्ट्रगीत वेळेत झालं. झेंडा कोणी बांधला, विचारलं तर सेक्रेटरी म्हणाले, "तो नवीन वॉचमन आहे ना, त्यानं."

मी सातारा जिल्ह्यातला. डोक्यात लगेच उजेड पडला. गेटवर गेलो आणि विचारलं, "मेजर, कोणती पलटण?"

ते खुर्चीतून उठलेच. चार महिने त्या गेटवर होते, रोज तीनशे माणसं समोरून जात होती, आणि हा प्रश्न त्यांना पहिल्यांदा विचारला गेला होता.

आमच्याकडच्या नसलेल्यांसाठी सांगतो. आमच्या भागात फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजर. शिपाई म्हणून पेन्शनीत आला असू दे नाहीतर सुभेदार म्हणून, गावच्या लेखी तो मेजरच. बायकोला मेजरीणबाई म्हणणारेही भेटतात. आणि दोन फौजी एसटी स्टँडवर भेटले की नाव-गाव नंतर, आधी पलटण. जंगी पलटण की काळी पाचवी (दोन्ही मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी), यावरून पुढचा चहा कोण पाजणार ते ठरतं.

"पलटण नाही साहेब, एएससी," ते म्हणाले. "सप्लाय. गाडी चालवायचो." आणि मी काही बोलायच्या आत, जणू माफी मागावी तसं, "मी काय लढलो नाही. डाळ-तांदूळ पोचवला."

सतरा वर्षं डाळ-तांदूळ पोचवला. त्यातली बरीचशी श्रीनगर-लेह रस्त्यावर. झोजिला घाट साडेअकरा हजार फुटांवर आहे आणि हिवाळ्यात बर्फानं तो रस्ता बंद पडतो. म्हणून पलीकडच्या जवानांना हिवाळाभर लागेल ते सगळं, रेशन, रॉकेल, औषधं, उन्हाळ्यातल्या मोजक्या महिन्यांत वर चढवून ठेवायचं. स्टॅलियन या फौजी ट्रकांची रांग, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. "वळणावर खाली बघायचं नाही, पुढच्या गाडीच्या फाळक्याकडं बघायचं," हे त्यांनी मला पार्किंगमध्ये उभं राहून हातवारे करून दाखवलं. मागे एक बाई गाडी काढायला हॉर्न वाजवत होत्या. मेजर "सॉरी मॅडम" म्हणून बॅरिअर उचलायला धावले.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट घोळते आहे, ती आज लिहून टाकतो. आपल्या मनात जवानाची दोनच चित्रं आहेत. एक हातात बंदूक घेऊन बर्फात उभा असलेला, दुसरा तिरंग्यात गुंडाळून आलेला. पहिल्याला आपण स्टेटसवर ठेवतो, दुसऱ्याच्या अंत्ययात्रेला ट्रॅक्टर भरून जातो. पण जो धडधाकट परत आला, ज्यानं स्वयंपाक केला, गाडी हाकली, वायरलेसवर बसला, खेचरं सांभाळली, त्याचं काय करायचं हे आपल्याला कळत नाही. त्यामुळे सैन्यात होता असं कळलं की आपण थेट विचारतो, "किती मारले?" मी स्वतः ऐकलंय, एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत. त्या माणसानं पान तसंच ठेवलं आणि उठला. आणि दुसरा प्रश्न, जरा ओळख झाली की, आवाज खाली आणून: "कँटीनची एखादी मिळेल का?" हसू नका, आपण सगळ्यांनी विचारलंय.

सुट्टीवर आलेल्याला गावात तीन प्रश्न ठरलेले. कधी आला? किती दिवस सुट्टी? परत कधी जाणार? वर्षाची साठ दिवसांची सुट्टी, त्यातले चार दिवस गाडीत. आणि घरात पाय ठेवल्यापासून जो तो परत जायची तारीख विचारतोय. यात वाईट हेतू कोणाचाच नसतो. पण एका फौजी मित्रानं सांगितलेलं माझ्या लक्षात राहिलंय: "ह्या वेळेस आईनं विचारलं नाही कधी जाणार म्हणून. तेवढंच बरं वाटलं."

पूर्वी पुण्याहून जम्मूला जायला झेलम हीच गाडी. कॉलेजात असताना दिल्लीपर्यंत एकदा मी त्या गाडीनं गेलोय. संडासाशेजारच्या जागेत काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगानं नंबर आणि नाव, आणि ट्रंकेवर बसलेला विशीचा पोरगा. रजा आयत्या वेळी मंजूर होते किंवा आयत्या वेळी रद्द होते, रिझर्वेशन कुठून मिळणार? आमच्या डब्यात सगळे देशभक्त होते, रात्रभर पाकिस्तानवर चर्चा चालली होती. त्या पोराला पाय पसरायला जागा करून दिली ती एका आजोबांनी, जे चर्चेत एक अक्षर बोलले नव्हते. मीही दिली नाही. वरच्या बर्थवर झोपलो. हे कबूल केल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही.

आमच्या गावापासून फार लांब नाही ते अपशिंगे. अपशिंगे मिलिटरी असंच म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण कामी आले, त्याचा स्तंभ गावात आहे. घरटी एक तरी फौजेत, ही तिथं बढाई नसून जनगणना आहे. कोल्हापूरकडं शिरोळ तालुक्यातली सैनिक टाकळी तशीच. अशा गावांत सैनिकाचा सन्मान वगैरे शब्द कोणी वापरत नाही. भरतीला निघालेल्या पोराला कोणी बूट देतं, पेन्शनीत आलेल्याला पाराच्या सावलीत ठरलेली जागा असते, आणि तो ग्रामसभेत दोन घोट घेऊन ओरडायला लागला तर "मेजर, बसा खाली" असं दटावणारेही असतात. देव्हाऱ्यात बसवत नाहीत, पंगतीत बसवतात.

शहरात आल्यावर आपण हे सगळं विसरलो आणि त्या जागी सॅल्यूटची इमोजी आली.

विसरण्याबद्दल बोलायचं तर दोन उदाहरणं. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर फौजेत बॉक्सिंग करायचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक मणक्यात राहिली. माणूस पोहायला लागला आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्णपदक घेऊन आला. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली. मधली ४६ वर्षं मोजून बघा.

दुसरे यशवंत घाडगे, रायगडमधल्या माणगाव तालुक्यातले. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात बाविसाव्या वर्षी पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. माणगावला त्यांचा पुतळा आहे. आणि इटलीतल्या माँतोने गावात २०२३ च्या जुलैमध्ये त्यांच्या आठवणीत एक सूर्यघड्याळ बसवलं गेलं. परक्या मुलखातल्या लोकांनी जवळजवळ ऐंशी वर्षांनी कोकणातल्या पोराची आठवण ठेवली. मी मुंबई-गोवा रस्त्यानं माणगावात निदान वीस वेळा थांबलोय. चहा, वडापाव, ट्रॅफिकला शिव्या. पुतळ्यापाशी एकदाही गेलो नाही. आता गेलो. दहा मिनिटं लागली.

कोणी म्हणेल, पगार घेतात, पेन्शन घेतात, कँटीन आहे, दवाखाना आहे, आणखी काय करायचं? बरोबर आहे, नोकरीच आहे ती. म्हणूनच मी पूजा करा म्हणत नाही. पण तिचा हिशोब जरा वेगळा आहे. आपण ज्या वयात पहिल्या घराचं कर्ज काढतो त्या वयात जवान रिटायर होतो. अठराव्या वर्षी गेला, पंधरा-सतरा वर्षं काढली, पस्तिशीत घरी. मुलं पाचवी-सहावीत, बापाची त्यांना सवय नाही, गावात जमीन भावकीत अडकलेली, आणि हातात जे कौशल्य आहे त्याला बाहेर बाजार नाही. मग बँकेच्या दारात, एटीएमच्या काचेआड, सोसायटीच्या गेटवर बारा तासांची ड्यूटी. ज्याच्या भरवशावर सियाचीनला चुली पेटल्या, त्याला आपण डिलिव्हरीवाल्यांची वही भरायला बसवतो, आणि एका कार्ट्याचं पार्सल हरवलं की आवाज चढवतो.

आमच्या इथं तर कमिटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला होता, वॉचमननी खुर्चीवर बसावं की नाही. सभासदांपैकी दोघांच्या गाडीवर "आर्मी लव्हर" असं स्टिकर आहे. असो.

मग करायचं काय? मोठं काही नाही. ७ डिसेंबरला ध्वजदिन असतो, १९४९ पासून. शाळेत लाल, गडद निळा आणि फिकट निळा अशा पट्ट्यांचं स्टिकर आपण सगळ्यांनी छातीला टाचणीनं लावलंय आणि घरून दोन रुपये नेलेत. तो निधी सैनिकांच्या विधवा, जखमी जवान, मुलांची शिक्षणं यांसाठी असतो आणि आता मोठे झालो तरी दोन रुपयांवरच अडलोय. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय बहुतेक जिल्ह्यांच्या गावी असतं, पत्ता शोधायला एक मिनिट लागतं. जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिकांच्या मुलामुलींची वसतिगृहं असतात. गणित, इंग्रजी येत असेल तर तिथं विचारून बघा. पुण्यात असाल तर खडकीला १९७४ पासून पॅराप्लेजिक सेंटर आहे, मणक्याला इजा होऊन व्हीलचेअरवर आलेले जवान तिथं राहतात. परवानगी घेऊन जा. फोटो काढायला नको, गप्पा मारायला जा.

पण माझा सगळ्यात मोठा आग्रह वेगळाच आहे, आणि तो ऐकायला अगदीच फिका वाटेल. कागद लिहून द्या.

फौजी लढाईला घाबरत नाही, ओटीपीला घाबरतो. नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला. पेन्शन आता 'स्पर्श' नावाच्या ऑनलाइन व्यवस्थेतून येते, तिथं लॉगिन करा, पासवर्ड बदला, अंगठा उमटत नाही, कारण आयुष्यभर कष्ट करून बोटांच्या रेषा गेलेल्या. डिस्चार्ज बुकात बायकोचं नाव सुमन, आधारवर सुमनबाई, आणि नवरा गेल्यावर ती बाई या "बाई"पायी महिनोन्महिने हेलपाटे घालते. दुखवट्याला आलेले पुढारी, फोटोवाले तोवर केव्हाच गेलेले असतात. तेव्हा शेजारच्या पोरानं अर्धा तास बसून अर्ज लिहून दिला, तालुक्याला गाडीवर मागं बसवून नेलं, तर त्याला मी देशसेवा म्हणायला तयार आहे.

हे मला शिकवलं आमच्या गल्लीतल्या एका म्हातारीनं. मी तेव्हा सहावीत. तिला लिहिता येत नव्हतं, मुलगा फौजेत. दर पंधरा दिवसांनी ती निळं आंतरदेशीय पत्र घेऊन यायची. पत्ता मला पाठ झाला होता, शेवटी "द्वारा ५६ एपीओ", म्हणजे फौजेचं टपाल ऑफिस. तो नेमका कुठं आहे हे तिलाही माहीत नव्हतं, मलाही नाही. मला वाटायचं ५६ एपीओ नावाचं एक गाव आहे आणि आमच्या तालुक्यातली निम्मी पोरं तिथं राहतात.

ती सांगायची, मी लिहायचो. इकडील सर्व क्षेम. पाऊस बरा आहे. धाकटीचं जमतंय. एकदा तिची म्हैस मेली, दुभती, घरातला सगळा आधार तोच. मी आपला शहाणा, लिहायला लागलो. तिनं माझा हात धरला. "ते लिहू नगंस. तिकडं त्याचं चित्त लागायचं न्हाई. लिही, म्हस बरी हाय, दूध देती." मी लिहिलं. पुढचे आठ महिने मी त्या मेलेल्या म्हशीचं दूध दर पत्रात लिहीत होतो. एकदा तर वाढवून लिहिलं.

म्हातारी जाऊन वीस वर्षं झाली. मुलगा हवालदार म्हणून पेन्शनीत आला, आता साठी ओलांडलीय, गावातच असतो. गेल्या नोव्हेंबरात त्याचा फोन आला, दाखल्याचं काहीतरी अडलंय, ओटीपी येतोय पण पुढं जाईना. व्हिडिओ कॉलवर तासभर बसलो, झालं एकदाचं. बोलता बोलता पत्रांचा विषय निघाला. मी म्हटलं, "दादा, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. तुमची ती म्हैस..."

तो हसायलाच लागला. "अरं, तिसऱ्या आठवड्यात कळलं हुतं मला. शेजारच्या वाडीचा पोरगा आमच्याच कंपनीत हुता, सुट्टीवरनं आला त्यानं सांगितलं. पर आईला कशाला सांगायचं? मी बी लिवायचो की, म्हशीला पेंड घाल म्हणून."