'आधी इन्फेक्शन मारा, मग ऑपरेशन' या मेसेजबद्दल

सोलापूरच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: हृदयाच्या वॉल्व्हला इन्फेक्शन झालं तर सहा आठवडे इंजेक्शनं घ्या, तोवर ऑपरेशन करू देऊ नका, जंतू असताना छाती उघडली की माणूस गेलाच, डॉक्टर पैशासाठी घाई करतात. आमच्या गल्लीत एका घरी असा पेशंट आहे आणि हे वाचून घरचे सही द्यायला तयार नाहीत, म्हणून लिहितोय.

इंजेक्शनं लागतातच, ४ ते ६ आठवडे शिरेतून, हे बरोबर. पण औषध जंतू मारतं, फाटलेला वॉल्व्ह काही जोडत नाही ओ. वॉल्व्ह जोरात गळायला लागला की फुफ्फुसात पाणी भरतं, पेशंटला आडवं होता येत नाही, पाठीशी उशा लावून बसूनच रात्र काढतो, त्याला सहा आठवडे थांब म्हणायचं? वॉल्व्हच्या मुळाशी पू झाला तरी नुसत्या औषधानं सहसा भागत नाही.

'जंतू असताना मरण' हे तर साफ चूक. वॉल्व्हवर जंतूंचा झुपका १० मिमीच्या वर गेला की तो तुटून मेंदूत जायची भीती असते, म्हणजे लकवा. कोरियात ७६ पेशंटवर अभ्यास झाला, २०१२ ला छापून आला. ४८ तासांत ऑपरेशन केलेल्यांत सहा आठवड्यांत मृत्यू किंवा झुपक्याचा तुकडा रक्तवाहिनीत अडकणं ३ टक्के, थांबलेल्यांत २३ टक्के, आणि थांबलेल्यांतल्याही बहुतेकांना शेवटी ऑपरेशन लागलंच. आता ते पेशंट तसे धडधाकट होते, सगळ्यांना हा आकडा लावू नका.

रिस्क आहेच, मोठी आहे. रक्तस्राव, किडनी, पेसमेकर लागणं, नव्या वॉल्व्हलाही इन्फेक्शन. मेटलचा वॉल्व्ह असला तर रक्त पातळ करायची गोळी जन्मभर. मेंदूत मोठा रक्तस्राव झाला असेल तर डॉक्टर स्वतःच शक्यतो महिनाभर थांबतात. पण ते एको (हृदयाची सोनोग्राफी) आणि मेंदूचा सीटी स्कॅन बघून ठरतं, मोबाईलवर नाही.

सगळ्यात घातक त्या मेसेजची शेवटची ओळ, 'ताप आला की लगेच अँटिबायोटिकचा कोर्स'. ज्याचा वॉल्व्ह सांधेतापानं खराब झालाय किंवा बदललाय त्यानं असं अजिबात करू नका, आधी ब्लड कल्चर (रक्तात कुठला जंतू आहे ते शोधायची तपासणी), वेगवेगळ्या जागेहून तीन वेळा रक्त. नाहीतर ताप चार दिवस दबतो, परत येतो, कल्चर कोरं येतं आणि जंतू कुठला तेच कळत नाही, मग औषध अंदाजानं.

पैशाचं म्हणाल तर वॉल्व्ह बदलणं महात्मा फुले योजनेत आहे, रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राला (योजनेची मदत करणाऱ्या माणसाला) आजच भेटा.