बाटली गळली, ही चूक माझी

नमस्कार भाऊ. तुमचा एक तारा पाहिला, तक्रारही दोनदा वाचली. साडेसहा हजारांची लाकडी फौजी बाटली पाणी भरताच गळली, रंगाचे पोपडे निघाले, एम-सील लावून द्यायला मी नाही म्हटलं, आणि '१८५७ ची' म्हणून दाखवली तर पाहुण्यांनी साल कुठे लिहिलंय विचारून ती खोटी ठरवली, असं तुम्ही लिहिलंय.

गळण्याचं आधी घेतो. तिच्यात पाणी भरायचं नाही, हे देतानाच सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही. ही बाटली म्हणजे लहान चपटं पिंपच. दोन्ही बाजूंना गोल फळ्या, कडेने आखूड पट्ट्या, वरून लोखंडी कडी. लाकूड भिजून फुगलं की सांधे घट्ट बसतात. उन्हाळ्यात बैलगाडीची चाकं ढिली पडली की आपण नाल्यात टाकतो ना, तसंच. गोऱ्या सोल्जराच्या खांद्यावर ती रोज ओली राहायची. माझ्याकडे येण्याआधी ती कितीतरी वर्षं माळ्यावर पडली होती, आणि इथलं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला सांगायला नको. आता भिजत ठेवली तर फटी बुजतीलही, पण कडी गंजतील आणि जुना रंग सुटेल. त्या काळच्या रंगात शिसं असायचं, म्हणून तिच्यातलं पाणी तर कोणी पिऊच नये.

एम-सीलला मात्र मी आजही नाहीच म्हणेन. माझे वडील आठवडी बाजारात कल्हई करायचे, डाग द्यायला, म्हणजे धातू वितळवून सांधा जोडायला, मी त्यांच्याजवळच शिकलो. पत्र्याच्या बाटलीला दिलेला डाग तापवला की निघतो. एम-सील निघताना लाकडाचा टवका घेऊन निघतं.

राहिलं १८५७. भाऊ, ते मी म्हटलं नव्हतं. पावतीवर 'इंग्रजी फौजेच्या पद्धतीची जुनी लाकडी बाटली' एवढंच आहे. या घडणीची बाटली इंग्रजी फौजेत अर्ध्या शतकाहून जास्त चालली, १८७० नंतर दुसऱ्या घडणीच्या आल्या. नुसत्या आकारावरून साल सांगता येत नाही. आणि त्या वेळचा देशी शिपाई जात सांभाळून स्वतःच्या लोट्यातून पाणी प्यायचा. जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या दमदमच्या काडतुसांच्या कारखान्यातल्या एका खलाशाने, म्हणजे मजुराने, एका ब्राह्मण शिपायाकडे लोटा मागितला, शिपायाने दिला नाही, आणि त्या बोलाचालीत काडतुसांच्या चरबीची गोष्ट बाहेर पडली, असं सांगतात. उठावातल्या शिपायाची आठवण घरात हवी असेल तर पितळी लोटा बघा, बाटली नको.

पाहुण्यांना सांगा, गोल फळीवर बुचाखाली बाणाची पुसट खूण आहे. ती इंग्रज सरकारी मालाची. नागपूरजवळ कामठीला १८२१ पासून छावणी आहे, त्यामुळे आपल्याकडच्या भंगारात अशी वस्तू कधीमधी निघते. पण कोणत्या पलटणीची, कोणाच्या खांद्यावरची, हे वस्तूवर नसेल तर माझ्या तोंडून येणार नाही. साल ठोकून दिलं असतं तर दुप्पट भावात गेली असती. तसा धंदा मी करत नाही.

पोपडे निघाले म्हणून पॉलिश पेपर मारून वॉर्निश लावणार, असंही तुम्ही लिहिलंय. हात जोडून सांगतो, ते करू नका. ती खूण रंगातच आहे, दोन हातांत पुसली जाईल.

बाटली परत आणा, साडेसहा हजार पूर्ण मिळतील. रंग गेला म्हणून एक रुपया कापणार नाही. गुरुवारी मी बाजारात असतो, बाकी कोणत्याही दिवशी या. तोवर पाणी ओतून टाका, बूच काढून ठेवा आणि सावलीत सुती कापडावर आडवी ठेवा. उन्हात वाळवू नका, फळ्या तडकतील.