जुन्या गाडीचा पोचा आणि पाचशे रुपयांचं किट

गेल्या महिन्याभरात एकच संदेश मला चौघांनी पाठवला. त्यातल्या दोघांकडे जुन्या गाड्या आहेत, म्हणून जास्त धास्ती वाटली. संदेश थोडक्यात असा: जुन्या गाडीला पोचा आला तर डेंटरकडे, म्हणजे ठोकून पत्रा सरळ करणाऱ्याकडे, नेऊन गाडीचं वाटोळं करून घेऊ नका. जुना पत्रा जाड आणि अस्सल असतो, त्याला आपला मूळ आकार आठवतो. हेअर ड्रायरने तापवा आणि लगेच बर्फ फिरवा. नाहीतर पाचशे रुपयांचं किट मागवून रबरी कप किंवा गोंद लावून ओढा. कुठलाही पोचा घरबसल्या निघतो, रंगाला काही होत नाही. आणि शेवटी इशारा: एकदा रंग मारलात की गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी विसरा.

यात एक गोष्ट अगदी खरी आहे. रंग न लावता पोचा काढता येतो, आणि ज्या जुन्या गाडीवर कारखान्यातला रंग शिल्लक आहे तिच्यासाठी ही विद्या फार मोलाची आहे. त्या एका खऱ्या गोष्टीच्या आडून बाकीचं सगळं खपून जातं. आमच्या घरी बाबांची 1979 सालची प्रीमियर पद्मिनी आहे, फिकट निळी. तिच्या टपावरचा पोचा रंगाला नख न लागता निघालेला मी शेजारी उभी राहून पाहिला आहे, आणि तिच्याच दाराचा रंग माझ्या डोळ्यांदेखत उखडलेलाही पाहिला आहे. म्हणून एकेक मुद्दा घेते.

"पत्र्याला मूळ आकार आठवतो."

साध्या पोलादी पत्र्याला काही आठवत नाही. त्याला एक मर्यादा असते. त्या मर्यादेच्या आत वाकला तर सोडल्यावर परत येतो. पलीकडे गेला की वाकलेला तोच त्याचा नवा आकार. बिस्किटांच्या डब्याचं झाकण मध्ये दाबलं की टक् करून आत जातं आणि बोट काढलं की बाहेर येतं. काही पोचे तसे असतात: पसरट, उथळ, कडा नसलेले. अशा उपायांच्या व्हिडिओंत क्षणात उसळी मारून बाहेर येताना दिसतो तो असाच पोचा. तो मागून तळहाताने दाबूनही आला असता.

पण पोच्याला धारदार कड असेल, मध्ये टोक असेल, तर तिथे पत्रा ताणला गेलेला असतो आणि ताणलेल्या जागी तो आधीपेक्षा कडक होतो. तार एकदा वाकवून सरळ करायला घ्या. ती नेमकी वाकलेल्या जागी सरळ होत नाही, शेजारी वाकते. पत्र्याचंही तसंच. नुसता ओढला तर पोच्याची कड जागच्या जागी राहते आणि भोवतीचा भाग वर येतो. मग एका खड्ड्याच्या जागी खड्डा आणि उंचवटा असं दुहेरी काम होऊन बसतं.

"जाड पत्रा, म्हणून सोपं."

पद्मिनी-अँबेसेडरच्या काळातल्या गाड्यांचा पत्रा साधारण 0.9 ते 1 मिलिमीटरचा, हल्लीच्या गाड्यांचा 0.7 च्या आसपास. फरक किरकोळ वाटतो, पण पत्रा वाकायला जो विरोध करतो तो जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. 0.7 च्या जागी 1 मिलिमीटर धरला तर जवळपास तिप्पट. म्हणजे किटमधला रबरी कप इथे तिप्पट दुबळा ठरतो. जुन्या पत्र्याचा खरा गुण वेगळाच आहे: तो मऊ पोलादाचा असतो, आणि जाणत्या हाताने जिथे आणून ठेवला तिथे राहतो. आजच्या जास्त ताकदीच्या पोलादासारखा तो हट्टाने मागे उसळत नाही. हा फायदा हात जाणता असेल तरच मिळतो.

"ड्रायर आणि बर्फ."

पोलाद तापल्यावर किती वाढतं ते शाळेच्या गणिताने काढता येतं. एक अंश सेल्सिअसला एका मीटरमागे साधारण 12 मायक्रॉन (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर). दहा सेंटिमीटरचा पोचा ड्रायरने 60 अंशांनी जास्त तापवला तर पत्रा वाढेल सुमारे 0.07 मिलिमीटर, म्हणजे एका केसाच्या जाडीएवढा. बर्फ फिरवला की तेवढाच आकसेल. झाकणासारखा पोचा एवढ्यानेही कधी उसळू शकतो. ताणलेला पत्रा मात्र ढिम्म हलत नाही.

हा समज आला कुठून तेही सांगायला हवं. हल्लीच्या गाड्यांचे बंपर प्लॅस्टिकचे असतात. त्यावर उकळतं पाणी ओतलं की प्लॅस्टिक मऊ पडतं आणि मागून दाबून पोचा खरंच निघतो. पद्मिनीचा बंपर क्रोम चढवलेल्या पोलादाचा. त्यावर कितीही किटल्या रिकाम्या करा. शिवाय चार दशकांच्या कोरड्या रंगाला एकदम गरम आणि एकदम गार करणं म्हणजे तडे जायला आमंत्रण.

"गोंद लावून ओढा."

गोंदाची पद्धत खोटी नाही. चांगले कारागीरही, मागून हात पोचत नसेल तिथे, ती वापरतात. पण एक गोष्ट नीट समजून घ्या: गोंद पत्र्याला धरत नाही, रंगाला धरतो. पत्रा ओढला जातो तो रंगाच्या आधाराने. रंगाची पकड सैल असेल तर पत्रा जागेवर राहतो आणि रंग हातात येतो.

आमच्या दाराचं हेच झालं. पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीचं दार लागून बारीकसा पोचा आला होता. ओळखीतल्या एकाने किट आणलं, गरम गोंदाने प्लॅस्टिकचं बटण चिकटवलं आणि ओढलं. बटण निघालं ते रुपयाएवढी निळी टिकली घेऊन. खाली राखाडी प्रायमर, आणि त्याच्या कडेला जरा गडद असा दुसराच निळा. दार केव्हातरी रंगवलेलं होतं हे आम्हाला त्या दिवशी कळलं. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी ती टिकली उचलून काड्यापेटीत ठेवली. ती अजून कपाटात आहे.

"रंगाला काही होत नाही."

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. पोचा निघेल की नाही हे पत्र्यावर ठरतं, पण रंग टिकेल की नाही हे त्या रंगाच्या इतिहासावर. जुन्या गाड्यांचा इतिहास कागदावर क्वचितच सापडतो.

गॅरेजमध्ये आपण आजही 'ड्युको मारला' म्हणतो. ड्युको हे ड्युपाँट कंपनीच्या नायट्रोसेल्युलोज रंगाचं नाव, 1920 च्या दशकात अमेरिकेत मोटारींवर आलेलं. झटपट वाळणारा आणि घासला की आरशासारखा चमकणारा रंग. पण वर्षं जातात तसा तो कोरडा आणि ठिसूळ होत जातो. पत्रा मागून दाबला की वरच्या रंगालाही वाकावं लागतं. ठिसूळ रंग वाकत नाही, तडकतो. आधीच केसासारख्या भेगा दिसत असतील तर तिथे रंग वाचवायच्या गोष्टी करूच नयेत.

दुसरी अडचण पुट्टीची, म्हणजे खड्डा भरून वर रंग मारायच्या लेपाची. इतक्या वर्षांत गाडी कुठेच घासली-आपटली नाही असं फार कमी वेळा घडतं. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या मडगार्डाखाली दोन-तीन मिलिमीटर पुट्टी असू शकते. पत्रा वाकतो, पुट्टी वाकत नाही. मागून दाब दिला की ती खपली धरल्यासारखी सुटते.

म्हणून हात लावण्याआधी मोजायचं. रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र मिळतं. पोलादी पत्र्यावर टेकवलं की मायक्रॉनमध्ये आकडा देतं. कारखान्यातला एकच थर असेल तर आकडा साधारण 100 ते 150 च्या आसपास असतो. 250-300 च्या पुढे गेला तर पुन्हा रंगवलेलं आहे असं धरा. 500-600 ओलांडले तर बहुधा खाली पुट्टी आहे. यंत्र नसेल तर लहानसं लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून अलगद फिरवा. जिथे ओढ कमी लागते तिथे संशय घ्या. आणि शक्य असेल तिथे पत्र्याची मागची बाजू टॉर्च लावून पाहा. जुन्या हातोडीचे ठसे तिथे लपत नाहीत.

आता टपाची गोष्ट. मामाकडे रेवदंड्याला गाडी पडवीजवळ लावली होती. सोडणासकट एक नारळ पडवीच्या कौलांवर आदळला आणि घरंगळत टपावर आला. सोडणामुळे रंग फुटला नाही, पण मधोमध बशीएवढा पोचा पडला. बाबांनी जेवणही नीट केलं नाही. रंग न लावता पोचे काढणाऱ्या एका कारागिराला पुण्याहून बोलावलं. त्याने आधी अर्धा तास नुसतं मोजलं. टपावर सगळीकडे 110 ते 140. मग मान डोलावून म्हणाला, "हा मूळचाच आहे, जमेल."

आतलं रेक्झिनचं छत काढणं हेच पहिलं मोठं काम. ते तारेच्या कमानींवर ताणलेलं असतं, आणि जुनं रेक्झिन घाईने ओढलं तर शिवणीत उसवतं. मग त्याने समांतर पट्ट्यांचा दिवा टपावर धरला. सपाट भागात पट्ट्यांचं प्रतिबिंब सरळ पडतं. पोच्यावर त्या आत ओढल्या जातात, उंचवट्यावर फाकतात. पुढचे तीन तास त्याची नजर पोच्याकडे नव्हतीच, पट्ट्यांकडे होती. टप उन्हात हाताला सोसेल एवढा कोमट झाल्यावर त्याने सुरुवात केली, कारण कोमट रंग जरा जास्त वाकतो.

मला वाटलं होतं, मधला खड्डा आधी दाबेल. त्याने आधी भोवतीचं उंच वर्तुळ नायलॉनच्या बोथट टोकाने बारीक बारीक ठोके देत खाली बसवलं. ते वर्तुळ पोच्याला डांबून ठेवतं. ते सैल झालं की मधला भाग सुटतो. मग आतून वाकड्या टोकाची सळई, आणि कडेकडून मध्याकडे येत इतका हलका दाब की एकेका दाबाने पट्टीत पडलेला फरक मला दिसायचाही नाही, त्याला दिसायचा. शेकडो वेळा. जोर लावताना मी त्याला एकदाही पाहिलं नाही.

काम झाल्यावर त्याने आतल्या बाजूने पत्र्यावर गंजरोधक मेण लावलं. किटवाल्या संदेशात हे कुठेच नाही. सळईच्या टोकाने मागचा जुना थर खरवडला जातो, आणि आपल्याकडची खारी हवा व चार महिन्यांचा पाऊस नेमका तिथूनच आत शिरतो.

"कुठलाही पोचा निघतो."

नाही. रंग फुटलेला असेल, पत्रा चिरलेला किंवा खूप ताणलेला असेल, दाराच्या दुमडलेल्या कडेवर असेल, किंवा सिलसारख्या (दाराखालच्या पोकळ पट्टीसारख्या) बंद पेटीत असेल, तर नाही किंवा अर्धाच. मागून सळई जावी म्हणून भोक पाडू असं कोणी म्हणालं तर गाडी घेऊन घरी या. त्या भोकातून गंजाची सुरुवात होते.

"डेंटरकडे नेऊ नका."

हे वाचून मला वाईट वाटलं. ज्यांनी हातोडी आणि डॉलीवर (पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्यावर) मडगार्डं घडवली, बाजारात सुटे भाग मिळेनासे झाल्यावर सिल आणि फ्लोअर हाताने बनवून दिले, त्यांच्यामुळे या गाड्या आज धावताहेत. मुंबईत पद्मिनी टॅक्सी 30 ऑक्टोबर 2023 पासून रस्त्यावर नाही, पण तोपर्यंत तिला उभं ठेवलं ते याच लोकांनी. जिथे पत्रा कापून जोडायचा आहे तिथे सळईवाला नको, डेंटरच हवा. तक्रार असलीच तर एका सवयीची: छोट्या पोच्यालाही पुट्टी भरून अख्खं पॅनेल रंगवून टाकण्याची. ती आपणही लावली आहे, कारण "संध्याकाळपर्यंत द्या" असं आपणच सांगतो. आधी मोजा आणि काय वाचवता येईल ते बघा, एवढं तुम्ही म्हणालात तर चांगला डेंटर ऐकतो.

"रंग मारला तर व्हिंटेज नोंदणी नाही."

केंद्राने 2021 मध्ये केलेल्या नियमांत व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, मूळ स्वरूपात राखलेली, चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठे फेरफार न केलेली. अशा गाडीला 'व्हीए' अक्षरांची नंबरप्लेट मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, ती दहा वर्षं चालते, आणि पुनर्नोंदणीला 5,000. एका पॅनेलला त्याच रंगाचा हात दिला म्हणून गाडी बाद होते असं त्यात नाही. मूळ रंग जपावा हे मी मनापासून मानते, जगभरचे जुन्या गाड्यांचे जाणकारही मानतात, पण भीती घालून ते पटवायची गरज नाही.

आमच्या गाडीला 50 वर्षं 2029 मध्ये होतील. टप आता सरळ आहे. सकाळचं तिरपं ऊन पडलं की मध्ये तांदळाएवढी एक खूण दिसते. कारागीर म्हणाला होता, आणखी दाबलं तर इथे रंग तडकेल, थांबूया. आम्ही थांबलो. डाव्या मडगार्डावरही एक पोचा आहे, रिक्षाने दिलेला. तिथे यंत्राने 900 दाखवले. तो अजून तसाच आहे, आणि सध्या तसाच राहणार आहे.