मॉडेल ट्रॅमची मोटर रॉकेलात बुडवू नका

‘जुनी मॉडेल ट्रॅम पाच मिनिटांत नव्यासारखी पळवा’ हा मेसेज सध्या फिरतोय. काल तो दादरच्या मामांकडून आला, खाली ‘करून बघू का?’ असं विचारून. मामांकडे जुनी एचओ मापाची (खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी) अमेरिकी ट्रॉली, म्हणजे ट्रॅमच, आहे, उघड्या चौकटीची मोटर असलेली. म्हणून त्यांनी स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायच्या आत हे लिहितोय.

मेसेजचा सांगावा असा: मोटर खोला, चुंबक सुटं करून रात्रभर रॉकेलात ठेवा, कम्युटेटर (वीज आत घेणारा तांब्याचा फिरता भाग) पॉलिश पेपरने चकाकवा, सगळ्यावर डब्ल्यूडी-४० हा गंज-ग्रीस सोडवणारा स्प्रे मारा, मग वीस व्होल्ट देऊन मोटर ‘मोकळी’ करा. आणि वर शिक्का, की ब्रिटिश काळात बेस्टच्या वर्कशॉपमध्ये ट्रॅमच्या मोटरी अशाच फवारून साफ करायचे.

डब्ल्यूडी-४० तयार झालं १९५३ साली, अमेरिकेत सॅन दिएगोला. तोवर शेवटची ब्रिटिश पलटण गेटवेवरून निघून पाच वर्षं झाली होती. पुढे बोलायला नको.

खरा घात रॉकेलाच्याही आधी, चुंबक सुटं करण्याच्या कलमात आहे. या जुन्या मोटरींत बहुतेक अल्निको या मिश्रधातूचं चुंबक असतं. त्याच्या दोन टोकांमध्ये आर्मेचरचं, म्हणजे तारा गुंडाळलेल्या फिरत्या भागाचं, लोखंड असेपर्यंत चुंबकीय वाट पूर्ण राहते. आर्मेचर काढलं की तिथे नुसती हवा उरते आणि चुंबक स्वतःच कमजोर पडतं. परत बसवल्याने गेलेली ताकद येत नाही, चुंबक नव्याने भारून घ्यावं लागतं. फसवणूक कुठे होते बघा: कमजोर चुंबकाची मोटर हातात धरून चालवली तर उलट जास्त वेगात फिरते. माणूस खूश. रुळावर ठेवली की डबा ओढताना धापा टाकते, जास्त करंट खाते, तापते. मग आर्मेचरवरच्या तारांचं वाइंडिंग जळतं आणि दोष ‘जुन्या मालाला’ लागतो. खोलणं अगदीच भाग असेल तर चुंबकाच्या दोन्ही टोकांवर आधी पोलादी पट्टी बसवा, आर्मेचर त्यानंतर काढा. फेराइट किंवा निओडिमियमची चुंबकं असलेल्या नव्या मोटरींना ही भीती जवळजवळ नाही, पण मेसेज तर जुन्यांसाठीच लिहिलाय!

फवारणीचं म्हणाल तर वाळून घट्ट झालेलं ग्रीस तिने सुटतं, हे मान्य. म्हणूनच गाडी पहिली पाच मिनिटं पळते. नंतर उरलेला तेलकट थर ब्रशच्या, म्हणजे कम्युटेटरला टेकून वीज देणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांच्या, भुकटीशी मिसळतो आणि तो चिखल कम्युटेटरच्या खाचांत बसतो. शिवाय पारदर्शक पॉलिस्टायरीन आणि पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकांवर हे वापरू नका असं डब्ल्यूडी-४० बनवणारी कंपनी स्वतःच सांगते. ट्रॅमच्या खिडक्यांच्या काचा कशाच्या असतात ते एकदा आठवा.

पॉलिश पेपरने तांब्यावर ओरखडे उठतात आणि ते ब्रश खातात. लॅमिंग्टन रोडवर मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापूस आणि खाचांसाठी लाकडी टूथपिक, एवढ्यात काम होतं, तेही आर्मेचर जागेवर ठेवून. बेअरिंगला सुईच्या टोकावर मावेल इतकंच शिलाई मशीनचं तेल. ब्रश झिजलेत का, स्प्रिंग ढिली आहे का, तेही बघून घ्या.

वीस व्होल्टबद्दल काय बोलणार? मोटर बारा व्होल्टची आहे. नवे ब्रश बसण्यासाठी ती थोडा वेळ बिनओझ्याची, निम्म्या वेगाने, दोन्ही दिशांना फिरवतात, हे खरं. मेसेजवाल्याने बहुधा तेच अर्धवट ऐकलं असावं.

आणि मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत निम्म्या वेळा मोटर निर्दोषच असते. बारा व्होल्टच्या पुरवठ्याच्या दोन वायरी थेट मोटरला टेकवा आणि व्होल्टेज शून्यापासून हळूहळू वाढवा. ती सुरळीत फिरली तर काहीही खोलू नका. चाकं, रूळ आणि वायरवर घासणारा ट्रॉलीचा दांडा पुसून काढा.