तिसऱ्या फोटोतलं पुढचं चाक बघा, सर

नमस्कार सर,

नामिबियात माझ्याकडून भाड्याने नेलेल्या गाडीबद्दलचा तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. "भंगार गाडी. फोर बाय फोर नावालाच. सोसुसफ्लेईच्या वाळूत दोन तास अडकलो, सूर्योदय हुकला, वर टायरचे पैसे कापून घेतले." एक तारा. वहिनी आणि मुलं उन्हात ताटकळली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. एसीचंही तुमचं बरोबर आहे. गॅस भरून दिला होता, पण रिहोबोथच्या पुढे गार हवा येईना म्हणालात, म्हणजे नसेलच आली. ती चूक माझी.

पण "फोर बाय फोर नावालाच" हे काही केल्या घशाखाली उतरत नाही.

तुम्हीच टाकलेला तिसरा फोटो जरा मोठा करून बघा. धाकटा फावडं घेऊन उभा आहे, त्याच्या मागे उजवं पुढचं चाक दिसतंय. चाकाच्या मधोमध डब्याच्या झाकणाएवढी एक चकती आहे. तिची खूण 'फ्री'कडे आहे. स्वच्छ दिसतंय. मी रात्री बायकोलाही दाखवलं, तिलाही दिसलं.

ही 1997 ची लँड क्रूझर, 75 सिरीज. हिच्यात चारही चाकांना जोर द्यायला नुसता आतला दांडा ओढून भागत नाही. खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांवरची चकती हाताने 'लॉक'वर फिरवावी लागते. दांडा ओढला की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि माणसाला वाटतं, झालं काम. पण चकती 'फ्री'वर असेल तर पुढचा शाफ्ट आतल्या आत फिरत राहतो, चाकापर्यंत जोर पोचतच नाही. मागची दोन चाकं वाळू उकरतात आणि गाडी पोटावर बसते. तुमची तशीच बसली.

विंडहुकला गाडी ताब्यात देताना मी हे दाखवलं होतं. डावीकडे वाकून एकदा, उजवीकडे वाकून एकदा. तुम्ही फोनवर होता आणि मान हलवलीत. फोन ठेवल्यावर मी परत विचारलं, "जमेल ना?" तेव्हा म्हणालात, "अहो, आम्ही लडाख केलंय." पुढे मी काय बोलणार?

टायरच्या हवेचंही तेच झालं. खडीच्या रस्त्याला 28 पीएसआय ठेवा आणि डांबर संपून शेवटच्या पाच किलोमीटरची वाळू लागली की 16-18 वर आणा, असं सांगितलं होतं. परत भरायला कंप्रेसर दिला होता. त्या पिशवीला मी मारलेली गाठ तशीच परत आली. ज्या शटलवाल्याने तुम्हाला बाहेर काढलं तो माझ्या ओळखीचा आहे. त्याचा संध्याकाळी फोन आला होता. त्याने दोन्ही चकत्या फिरवल्या, हवा सोडली, आणि दहा मिनिटांत ही 'भंगार' गाडी स्वतःच्या ताकदीवर वर आली. दोरसुद्धा लागला नाही. रिव्ह्यूत ते दोन तास आहेत, ही दहा मिनिटं कुठेच नाहीत.

सूर्योदयाचं थोडक्यात सांगतो. सोसुसफ्लेईला जायचं सेसरीमचं बाहेरचं फाटक सूर्योदयालाच उघडतं. आतल्या कॅम्पवर राहणाऱ्यांना तासभर आधी सोडतात. आत राहा, हे मी बुकिंगच्या वेळीच सुचवलं होतं, तुम्ही बाहेरचं लॉज घेतलंत. फाटकापासून ड्यून 45 ही वाळूची टेकडीसुद्धा 45 किलोमीटर. नवीकोरी गाडी असती तरी सूर्य तुमच्या आधीच पोचला असता.

टायरचं बोलायचं तर बाजूने चिरलेलं टायर शिवता येत नाही. 7.50 आर 16 मापाचं नवीनच घ्यावं लागतं. टायर आणि काचा ग्राहकाकडे, हे करारात पहिल्याच पानावर आहे. कुइसेब घाटाकडे जाताना सी 14 रस्त्यावर ट्रॅकरमध्ये 108 चा वेग दिसतोय. खडीवर आमची मर्यादा 80 आहे. हा विषय मी काढणारच नव्हतो, पण "गाडी पळतच नाही" असंही तुम्ही लिहिलंय म्हणून काढला.

जुनी गाडी ठेवतो ती पैसे वाचवायला नाही (थोडे वाचतात, नाकारत नाही). 4.2 लिटरचं साधं डिझेल इंजिन आहे, टर्बो नाही. सॉलिटेअरच्या पंपाजवळ काही बिघडलं तरी पाना-पक्कड असलेला कुणीही हात लावू शकतो. नव्या गाडीत सेन्सर गेला की टो करून विंडहुकलाच आणावी लागते. माझ्याकडे अशा चार गाड्या आहेत. मे ते ऑक्टोबर जे मिळतं त्यावर वर्ष काढायचं असतं. तुमचा रिव्ह्यू पडल्यापासून जुलैचं एक बुकिंग रद्द झालंय. कारण त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

तरी तुमचं म्हणणं डोक्यात ठेवलंय. एसीचं लवकरच बघून घेतो. चकतीचं मराठीत लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवणार आहे, चित्रासकट. गाडी देताना यापुढे ग्राहकाकडूनच एकदा फिरवून घ्यायची असंही ठरवलंय, बघू कसं जमतं.

टायरच्या 2,900 नामिबियन डॉलरपैकी निम्मे परत करायची माझी तयारी आहे. वहिनींनी जाताना मुलांच्या हातून चिवड्याचा डबा दिला होता, ते मी विसरलेलो नाही. खाते क्रमांक व्हॉट्सॲपवर पाठवा. तारा वाढवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी सांगणार नाही. तिसरा फोटो मात्र काढू नका.